बोलावल्यावर उठायचं नाही

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. जव्हार

आज आमच्या शिकार-सर्व्हेच्या हेमराज सरांनी फोनवर माझी अशी खरडपट्टी काढली की कानातून वाफा निघाल्या. मी सूर्यमाळच्या पाड्यावरून भरून पाठवलेले दहा फॉर्म त्यांच्या पुढ्यात होते. प्रश्न साधा: पक्षी धरायला जाता तेव्हा दिवसाला किती वेळ रानात असता? दहांपैकी नऊ जणांचं उत्तर एकच, अर्धा तास. दहाव्याच्या रकान्यात नुसती रेघ, कारण तो म्हातारा माझ्याशी बोललाच नाही. सर म्हणाले, "पुष्पलता मॅडम, हे तुम्ही खोलीवर चहा पीत भरलंय."

मी! चहा पीत! उन्हातान्हात सगळा पाडा पालथा घातला, कुत्री मागे लागली, एका चपलेचा अंगठा तुटला, आणि हे तिकडे ठाण्यात पंख्याखाली बसून मला चहा सांगतात. पण खरं लिहायचं तर मलाही ते पटलेलं नाही. नऊ माणसं, नऊ घरं, आणि सगळ्यांचा अर्धा तास? घड्याळ लावून जातात की काय? कायद्यानं शिकारीला बंदी आहे हे पाड्यातल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत आहे, त्यामुळे सगळे मिळून मला बनवतायत. आमच्या कागदावर कुणाचं नाव येत नाही, फक्त नंबर येतो, हे मी शपथेवर सांगितलं. तरी अर्धा तास म्हणजे अर्धाच तास.

आता सरांचा हुकूम असा की सांगीव तास धरायचे नाहीत. शिकाऱ्याबरोबर स्वतः जायचं, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा, आणि तेवढेच दिवस धरायचे. दहा मार्चला वनखात्याच्या समितीची बैठक आहे. रोजची सरासरी सहा तासांच्या वर गेली तर शिकार फार होते म्हणून पाड्याच्या डोक्यावरचा माळ शिमग्यापासून पावसापर्यंत सगळ्यांना बंद. म्हणजे लाकूडफाटा बंद, मोहाची फुलं बंद, सगळंच बंद. सहाच्या आत आली तर माळ आहे तसा राहील. आणि हा आकडा मी आणायचा. माझं कंत्राट मार्चअखेर संपतंय, पुढचं मिळणार की नाही तेही याच आकड्यावर.

५ फेब्रुवारी, बुधवार. सूर्यमाळ

नऊ जणांकडे जाऊन हात जोडले. मला बरोबर न्या, काही बोलणार नाही, कुणाचं नाव लिहून देणार नाही. एकाचा गुडघा दुखतोय, एकाला वीटभट्टीवर जायचंय, एक तर मला पाहून मागच्या दारानं पळाला.

राहिला रेघवाला म्हातारा. पुंजाबाबा. सत्तरीच्या पुढचा असेल, अंगानं काटकुळा, ताठ. दहा पाड्यांत याच्या हाकेला नाव आहे म्हणतात. हा तितराचा आवाज काढतो आणि तितर धावत येतो. मी समोर उभी राहून पाच मिनिटं सगळं समजावलं. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला, इतका की मी पदरानं दात पुसले. उत्तर नाही. मग त्याची बायको कमूआजी जोरात ओरडली, "तुझ्यासंगती माळावर येतां म्हणते पोरगी!" काय आवाज! मला वाटलं भांडण लागलं. बाबा म्हणाला, "येवं दे. पन बोलायचा नाय."

कमूआजीनं ओटीवर घोंगडी टाकून दिली. रात्रीपुरती नाही, काम होईपर्यंत राहा म्हणाली. नवरा-बायको एरवीही असेच ओरडून बोलतात. तरी जेवताना आजीनं स्वतःच्या ताटातली चटणी उचलून त्याच्या ताटात ठेवली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पाठ अशी धरली आहे की लिहायला बसवत नाही. तरी आजचं लिहून ठेवलंच पाहिजे.

सव्वापाचला निघालो. अंधार, हाडं गोठवणारी थंडी. बाबाकडे बॅटरी नाही, पायात काही नाही. मी मोबाईलचा उजेड केला तर त्यानं मागे न बघता हातानंच खूण केली, बंद कर. पाऊण तास चढ. माझा श्वास खाली कुठेतरी राहिला आणि मी वर आले. माळाच्या कडेला कारवीच्या काटक्यांचा आडोसा आहे, दोन माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढा. मला त्यानं डावीकडे बसवलं.

मग उजाडायला लागलं आणि मी सगळी कुरकुर विसरले. खाली दरीत धुकं भरलेलं, दुधाचं पातेलं काठोकाठ भरावं तसं, आणि त्यातून नुसते डोंगराचे माथे वर. जामसरला माझं बालपण गेलं, जव्हारला मी दहा वर्षं राहते, आणि हे माझ्या डोक्यावर रोज होतं, मला पत्ता नाही!

आणि मग बाबानं हाक दिली. दोन्ही तळहात तोंडाशी धरले, उजव्या हाताचं एक बोट गळ्याच्या घाटीवर टेकवलं, आणि त्या सुकलेल्या माणसातून तितर बोलला. कतीतर, कतीतर, कतीतर. माझ्या अंगावर काटा आला. हुबेहूब वगैरे म्हणायची सोय नाही, तो तितरच होता. मी खरंच आडोशात इकडेतिकडे पाहिलं.

त्यानंतर तो बसला. बसला म्हणजे बसला. दुपारी एक भाकरी खाल्ली, अर्धी मला दिली. मी दोनदा लाजत झाडामागे जाऊन आले. तो हलला नाही. अधूनमधून हाक, मग पुन्हा गप्प. सूर्य डोक्यावरून पलीकडे गेला, आमची सावली या कुशीवरून त्या कुशीवर गेली. सूर्य टेकला तेव्हा उठला. अंधारात घरी पोचलो, सहा पन्नास.

तेरा तास पस्तीस मिनिटं. अर्धा तास म्हणे!

फास कुठे दिसला नाही. विचारलं तर उत्तर नाही. लपवला असणार, कायद्याला सगळेच भितात. तितर फासानंच धरतात हे कुणीही सांगेल. फॉर्ममध्ये 'साधन' या रकान्यात 'फास' लिहून टाकलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तेरा तास पाच मिनिटं. माझ्या पायाला मुंग्या, मग मुंग्यांवर खऱ्या मुंग्या. बाबाच्या गुडघ्यापासून काठीपर्यंत कोळ्यानं दुपारी एक धागा ताणला. संध्याकाळी बाबानं तो धागा बोटानं अलगद काठीवर सरकवला आणि मग उठला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी जे पाहिलं ते आयुष्यात विसरणार नाही.

सकाळी सव्वासातच्या सुमारास बाबानं हाक दिली आणि मागच्या उतारावरून उत्तर आलं. खराखुरा तितर!  बाबाकडे पाहिलं, तर पापणी हलली नाही. तितर पुन्हा बोलला, जवळून. पुन्हा, आणखी जवळून, आमच्या पाठीमागे वीस पावलांवर असेल. मी असते तर उडी मारली असती. हा माणूस समोर बघत होता, जसं काही झालंच नाही. काय ताबा! काय संयम! साधूला जमायचं नाही.

मग तितर बोलत असतानाच, त्याच्या आवाजावरच, बाबानं आपली हाक टाकली. तितर एकदम गप्प झाला आणि गवत खसखसलं. गेला. यात काहीतरी युक्ती असणार. इतक्या मोठ्या जाणकाराला मी काय शिकवणार? मी आपली वहीत नोंद केली: सात सोळा, सात अठरा, सात एकवीस.

तेरा तास वीस.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोनदा उत्तर आलं. बाबा दगडासारखा. बारा पन्नास.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शनिवार-रविवार जव्हारला होते, आज रोहिदासच्या जीपनं वर आले. रोहिदास म्हणजे पुंजाबाबाचा मुलगा, खोडाळा-जव्हार जीप मारतो, आवाज ढोलासारखा. घाटातच त्यानं विषय काढला. "मॅडम, ॲव्हरेज किती बसतो?"

मी सांगितलं, तेराच्या आसपास. त्यानं जीप बाजूलाच घेतली.

"तेरा? मंग तर माळ गेला. पाच लिहा ना मॅडम. पाच. कोन बघायला येतो?"

"मी बघायला येते ना. मीच मोजते, आणि मीच खोटं लिहू?"

"माझी आई मोहाची फुलां कठनं आननार? पाड्यातल्या पंधरा बायका कठं जातील? आमच्या बापाच्या बसन्यापायी?"

मी चिडले. मला चिडायला तेवढंच पुरतं. म्हटलं, मग बापाला सांगा लवकर उठायला. तो म्हणाला, "दोन वर्सां सांगतां. नाय ऐकत. पयले नव वाजता घरी असायचा. आथा तर अंधार केल्याबिगर येतच नाय."

घरी आल्यावर आणखी एक गोष्ट. रोहिदासनं ओट्यावरून विचारलं, "बा, पाय कसा हाय?" आणि बाबानं लगेच सांगितलं, बरा हाय. मी तोच प्रश्न दोन मिनिटांपूर्वी विचारला होता! माझं एक अक्षर त्याच्यापर्यंत पोचत नाही. बायामाणसाशी बोलायचं नाही वाटतं म्हाताऱ्याला. बायकोशीसुद्धा तिनं बोंब मारल्याशिवाय बोलत नाही. माळावर देव आणि घरी हा असा. फार राग आला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

राग गेला. आज बाबा बोलला, आपणहून.

संध्याकाळी उतरताना सागाच्या झाडाखाली थांबलो. पळस पेटलाय सगळीकडे. मी त्याच्या पुढ्यात जाऊन, माझ्या मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून विचारलं, "एवढा वेळ का बसता बाबा?" तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मग खाली बसला आणि म्हणाला, "बायू, आमचा येल तितर बोलला का सुरू होतो. तो बोलला, मी बोललां, तो आला. अर्धा तास. त्याच्या आधी नुसता बसना. बसना मोजत नाय कोनी."

घ्या! म्हणजे ते नऊ जण मला बनवत नव्हते. यांच्या हिशेबी शिकारीचा वेळ उत्तर आल्यापासून सुरू होतो. त्याआधीचे तास वेळात धरतच नाहीत, जसं गाडीची वाट पाहिलेला वेळ आपण प्रवासात सांगत नाही. आणि मी मनात त्यांना काय काय म्हटलं होतं!

"मग तुम्ही तसेच उठून का येत नाही? नऊ वाजता?"

"माझ्या बानी शिकवलां. ज्याला बोलावला त्याला भेटल्याबिगर उठायचा नाय. आपन हाक मारली, तो घरनं निंगाला आसंल. आपन उठून गेलां तर त्यानी काय समजायचा?"

 आमच्या जव्हारला लोक जेवायला बोलावतात आणि घराला कुलूप लावून जातात.

मग म्हणाला, "मी लय धरलं. तरनापनी येका दिसात वीस-वीस धरलं. आथा बोलनारा येक बी नाय ऱ्हाला. मीच संपवलां. तरी बसतां. येक तरी आसंल."

हे ऐकून मला जरा हसूच आलं. नाही राहिला? परवा तीन वेळा बोलला, काल दोनदा, आज सकाळीच आमच्या डोक्यावरच्या खडकावरून बोलला. कायद्याच्या माणसांपुढे म्हातारा असंच बोलायचं शिकलाय, दुसरं काय. पण बोलताना त्याचा चेहरा असा झाला होता की मी पुढे काही विचारलं नाही.

तेरा तास दहा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दिवस तेरा, सरासरी तेरा तास आठ मिनिटं. कितीही वेळा भागाकार केला तरी तेच. कमूआजी पाण्याला गेली ती दोन तासांनी आली. झऱ्याची धार करंगळीएवढी झालीय. येऊन हंडा उतरवला आणि मला म्हणाली, "पंधरा दिसांनी मोह गळंल. तू हायेस तंवर ये माझ्यासंगती वेचाया." तिला माहीत नाही की माझ्या पिशवीतल्या कागदांनी तिचा माळ बंद होणार आहे. मी हो म्हटलं. 

पाच लिहू का? कोण बघतं?

पण मग बाबाच्या तेरा तासांचं काय? इतकं बसणं मी दुसऱ्या कुठल्या माणसात पाहिलेलं नाही. ते खोडून टाकायचं आणि वर पाच लिहायचं? माझा हात होत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

 सगळं नीट क्रमानं लिहिते.

काम संपत आलं म्हणून आज मी बाबाची हाक मोबाईलवर धरून ठेवली. आठवण म्हणून. संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना म्हटलं, ऐका, आणि आवाज पूर्ण मोठा करून लावलं. बाबाची हाक आली. कमूआजी खुदकन हसली. मग लगेच तितराचं उत्तर आलं, लांबून, पण स्वच्छ. आजी टाळी वाजवून ओरडली, "ऐक! बोलला, तितर बोलला!"

बाबानं आजीकडे पाहिलं. "कोन बोलला?"

"तितर! तुला उत्तर दिला त्यानी!"

त्यानं माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि कानाला लावला. मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. एकदा या कानाला, एकदा त्या कानाला. कपाळावर आठ्या. मग म्हणाला, "माझी हाक हाय. बारीक, पन हाय. दुसरां काय नाय."

आजीनं तोंडावर हात ठेवला.

आणि माझ्या डोक्यात एकदम सगळं फिरलं. माझं तोंड न्याहाळणं. आजीचं ओरडणं. रोहिदासचा ढोल ऐकू येतो आणि माझा शिट्टीसारखा बारीक आवाज ऐकू येत नाही. गळ्यावरचं बोट! हाक कशी निघतेय ते त्याला कानानं कळतच नाही, बोटानं कळतं. आणि तो संयम, तो ताबा, ज्याला मी साधू म्हटलं! पाठीमागे वीस पावलांवर तितर गळा फोडून बोलत होता आणि त्याला तो ऐकू येत नव्हता. त्याच्याच आवाजावर हाक टाकली ती युक्ती नव्हती. तितर घाबरून परत गेला. दोन वर्षं रोज असाच परत गेला असणार. म्हणून अंधार. कुणी उत्तर दिलं की नाही ते कळत नाही, आणि बोलावल्यावर उठायचं नाही, मग उठायचं तरी कधी? माती माझ्या अकलेला.

आजी मला हळू म्हणाली, "उलीसा कमी ऐकू येतो हां म्हायीत होतां. तितर ऐकू येत नाय हां नव्हता म्हायीत. घरापोत आवाज येत नाय वरचा. मना वाटला, धरतो नाय, नुसता बसून येतो. म्हातारा झाला." आणि त्यानं तरी कुणाला विचारावं? दहा पाड्यांत ज्याच्या हाकेला नाव, त्यानं बायकोला विचारायचं, तितर बोलतोय का गं?

मी आत जाऊन वही आणली. तारखा आणि वेळा मोठ्यानं, पार घसा ताणून वाचल्या. सात सोळा. सात अठरा. सात एकवीस. पंधरा दिवसांपैकी अकरा दिवस तितर बोलला होता. बाबा एकेका वेळेला मान हलवत होता. संपल्यावर त्यानं विचारलं, "अकरा दीस?"

"अकरा दिवस, बाबा."

तो उठून अंगणाच्या कडेला गेला आणि माळाकडे तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते. आजी गेली नाही, म्हणून मीही गेले नाही. मग ओटीवर आला आणि छपराकडे बोट केलं. वर आढ्याला फासांची गुंडाळी टांगलेली, काजळीनं काळी, कोळिष्टकांनी भरलेली. दोन वर्षांत कुणी हात लावला नव्हता. म्हणाला, "मी बघाया जातां, येक तरी ऱ्हाला का."

ती गुंडाळी मी रोज झोपताना पाहत होते आणि रोज सकाळी फॉर्ममध्ये 'फास' लिहीत होते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रेंजसाठी देवळाच्या टेकाडावर गेले आणि सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. 

"म्हणजे हे गृहस्थ दोन वर्षं काही धरत नाहीत?"

"नाही सर. फास आढ्याला आहे."

"पण तुम्ही फोटो काढून पाठवलेल्या पंधराही फॉर्मांत 'साधन: फास' तुमच्या अक्षरात आहे. तुम्ही पाहिला होता?"

माझ्या जिभेवर 'हो' आलं होतं, खोटं कशाला लिहू? हो म्हटलं असतं तर फॉर्म टिकले असते, पुढचं कंत्राटही मिळालं असतं, आणि माळ गेला असता.

"नाही पाहिला सर. सगळे फासानं धरतात, म्हणून लिहिलं. रोज लिहिलं."

मग सर बोलले, आणि बरंच बोलले. नऊ जणांवर संशय घेणारी मी, आणि न पाहिलेलं पंधरा वेळा लिहिणारीही मीच, हे त्यांनी दोन-तीन प्रकारे सांगितलं. खोटं काय होतं त्यात? शेवटी म्हणाले, "फॉर्म शिकाऱ्यांसाठी आहे. हे शिकारी नाहीत. पंधरा दिवस बाद. सूर्यमाळचा आकडाच नाही, म्हणजे समितीपुढे सूर्यमाळ येणार नाही. यंदा माळ आहे तसा राहील. आणि मॅडम, मार्चनंतर तुमचं काम मी धरू शकत नाही. मला वाईट वाटतंय."

मला वाईट वाटायला वेळ लागला. आधी मी टेकाडावर एकटीच हसले, आजीला मोह मिळणार म्हणून. मग रडले. मार्चचं भाडं आहे, आईचं औषध आहे. रोहिदासला कळलं तेव्हा त्यानं जीपचा हॉर्न इतका वाजवला की पाड्यातली कुत्री गोळा झाली.

बाबाला मीच ओरडून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, म्हणजे पाहिलं. विचारलं, "मंग तुझ्या कागदात मी कोन?"

"कुणी नाही बाबा. तुमचं पान काढून टाकलं."

"बरां झाला," म्हणाला. "मंग उद्या नुसतीच ये. कागद नको. कान घेऊन ये."

१ मार्च, शनिवार

सव्वापाचला निघालो. आज मी त्याच्या पुढे चालले, वाट पायांना पाठ झालीय. सहाला आडोशात. त्यानं माझा उजवा हात घेऊन आपल्या गुडघ्यावर ठेवला. शिकवलं ते एवढंच: तो बोलायला लागला की दाब, थांबला की सोड. मग दोन श्वास, आणि मग मी.

सहा वीसला पहिली हाक. काही नाही. दुसरी. काही नाही. माझ्या मनात नको नको ते यायला लागलं, आजच नाही बोलला तर? अकरा दिवस बोलला आणि आजच रुसला तर? दरीतलं धुकं हलत होतं. थंडीनं माझी बोटं त्याच्या गुडघ्यावर थडथडत होती, ती मी दाबून धरली, उगाच खूण जायची.

सहा एकतीसला मागच्या उतारावरून तो बोलला.

मी दाबलं. बाबाचं सगळं अंग एकदम ताठ झालं. तितर थांबला, मी हात सोडला. एक श्वास. दोन श्वास. बोट गळ्यावर, आणि हाक. तितरानं लगेच उत्तर दिलं. मी दाबलं, सोडलं. पुन्हा. पुन्हा. दोघं बोलत होते हो! मधे मी होते, माझा हात होता, आणि त्या हातातून दोन वर्षांचं बोलणं जात होतं. आवाज उतारावरून खडकाकडे आला, खडकाकडून गवतात, गवतातून समोर. 

सहा अठ्ठावन्नला गवत बाजूला झालं आणि तो आडोशापुढे दहा पावलांवर उभा राहिला. इवलासा. छाती पुढे, मान उंच, भांडायला आलेला. पहिलं ऊन त्याच्या गळ्याशी पडलं होतं. आम्हाला शोधत त्यानं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि चोच उघडून पुन्हा बोलला. मी हात दाबायला गेले, तर बाबानं माझा हात हलकेच बाजूला केला. त्याला आता दिसत होतं.

"आलास," बाबा त्याला म्हणाला, अगदी पाहुण्याला म्हणावं तसं. "लय दीस बोललास. मना ऐकू नाय आलं रे."

तितर भुर्र उडाला. बाबा आडोशाला हात धरून उठला, आणि मला म्हणाला, "चल." मला आधी कळलंच नाही. सात वाजले होते. मी भाकरी बांधून आणली होती, दिवसभराची तयारी होती. मग उजेड पडला: भेट झाली होती. आता उठायला हरकत नव्हती.

उतरताना तो इतका भरभर चालला की मला पळावं लागलं. साडेसातला पाड्यात शिरलो. कमूआजी अंगणात नागलीचं पीठ चाळत होती. दोन वर्षांत हा माणूस तिला दिवसाउजेडी घरी आलेला दिसला नव्हता. तिनं मान वर केली, चाळण हातातून सुटली, पीठ सगळं अंगणात, आणि ती ओरडत धावत आली, "काय झाला? पडलास? कठं लागला?"

बाबा तिच्यापुढे उभा राहिला. ती त्याचे हात, कोपर, गुडघे चाचपत होती.

"काय नाय झाला," तो म्हणाला. "आला होता. भाकर टाक."